शब्द छापले, चाल राहिली : मराठी चर्चसंगीताच्या जतनाची कथा

जयपूरच्या सवाई प्रतापसिंह महाराजांचे नाव घेतले की हवामहाल डोळ्यांपुढे उभा राहतो. महाराजांचा राज्यकाल १७७८ ते १८०३ असा, आणि हवामहाल १७९९ चा. परंतु याच महाराजांनी दगडचुन्याच्या वास्तूखेरीज आणखी एक वास्तू उभारली. दरबारातील गुणिजनांना व पंडितांना एकत्र बसवून त्यांनी संगीतशास्त्रावरील एक विस्तृत ग्रंथ सिद्ध करविला. ‘राधागोविंद संगीतसार’ हे त्याचे नाव. हा ग्रंथ शंभराहून अधिक वर्षे हस्तलिखितातच पडून होता, आणि अखेर छापला गेला तो पुण्यात! १८७४ साली स्थापन झालेल्या पुणे गायन समाजाने बळवंत त्र्यंबक सहस्रबुद्धे यांच्या देखरेखीखाली १९१० ते १९१२ या वर्षांत तो प्रसिद्ध केला. जयपुराने जे लिहून ठेवले, ते महाराष्ट्राने छापून राखले.

पुढे पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी देशभर फिरून चिजा गोळा केल्या, तेव्हा जयपूरचे महंमद अली खाँ कोठीवाल यांच्या घराण्यातील बंदिशींचा मोठा साठा त्यांच्या हाती आला. त्यांनी त्यांतील कित्येक स्वरलिपीसह ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांतून मराठी वाचकांपुढे ठेवल्या. परमुलखाचे संगीत प्रेमाने लिहून ठेवण्याची अशी परंपरा आपल्या भाषेत आहे. म्हणूनच, आपल्या स्वतःच्या भाषेतील एक गायनपरंपरा अद्याप पुरती लिहिली गेलेली नाही, याची खंत अधिक वाटते. ही परंपरा म्हणजे मराठी ख्रिस्ती समाजाचे उपासनेतील गायन.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी हाच विषय का, असे कोणी विचारील. याचे उत्तर आम्ही प्रारंभीच देतो. मराठी ख्रिस्ती गायन म्हणजे मराठी गायनच होय. त्यात ओवी आहे, अभंग आहे, आरती आहे, कीर्तन आहे. ज्या चाली आपल्या आज्यांनी जात्यावर आणि पंढरीच्या वाटेवर म्हटल्या, त्यांतील काही चाली चर्चच्या भिंतींआडही गायिल्या गेल्या. शिवाय घरापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांपुढे जो प्रश्न आज उभा आहे, तो या छोट्या समाजापुढे फार पूर्वीच उभा राहिला होता. शब्द वहीत उतरवता येतात. चालीचे काय करावयाचे?

गोव्याचे पुराण

या कथेचा आरंभ गोव्यात होतो, आणि गोव्याची वाट जयपूरला अनोळखी नाही. सवाई जयसिंहांनी ज्योतिषविद्येच्या ओढीने १७२७ च्या सुमारास पाद्री मानुएल द फिगैरेदो यांच्यासमवेत आपली माणसे पोर्तुगालला धाडली. १७४० साली आंद्रेआस श्ट्रोब्ल आणि आंतोन गाबेल्सपेर्गर हे दोन जेझुइट जयपूर दरबारी येऊन दाखल झाले. त्यांपैकी गाबेल्सपेर्गर दुसऱ्याच वर्षी येथे निवर्तले. जेझुइट पंथाचे हे लोक जेथे गेले, तेथील भाषा शिकले. त्यांच्याच पंथातील एक इंग्रज गृहस्थ त्यांच्या कितीतरी आधी, १५७९ साली, गोव्यास उतरले होते. ते फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९).

स्टीफन्सनी साष्टी भागात चाळीस वर्षे काढली आणि मराठी अशी आत्मसात केली की त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ आज मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मानाने बसले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पूर्वीची पुराणे वर्ज्य झाली होती; त्यांच्या जागी ऐकावयास काहीतरी हवे होते. ती उणीव भरून काढण्यासाठी स्टीफन्सनी ग्रंथ रचला, तोही ओवीत. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली राचोल येथे रोमी लिपीत छापला गेला. पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याची पुनर्मुद्रणे निघाली. तो मनात वाचून बाजूला ठेवावयाचा ग्रंथ नव्हता. रविवारी व सणावारी तो चर्चमध्ये मोठ्याने गायिला जात असे आणि समुदाय श्रवण करीत असे. आपल्या गावच्या देवळात पोथी लागते, तसाच हा प्रकार होता.

आता या ग्रंथाचे नशीब पाहा. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी आपली बोली सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज भाषा आत्मसात करावी असे फर्मान काढले. राजसत्तेची कृपादृष्टी गेली, छपाई थांबली. तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही पुराण जगले, कारण लोकांनी ते हाताने उतरवून घेतले व घराघरांत म्हटले. गोव्यातून दक्षिणेकडे मंगळुरास गेलेल्या कुटुंबांनी ते आपल्याबरोबर नेले. १७८४ ते १७९९ या काळात टिपू सुलतानाच्या कैदेत श्रीरंगपट्टणास पडलेल्या मंगळुरी ख्रिस्ती लोकांनी पुराणाच्या ओव्या गाऊन धीर धरला, असे त्यांची परंपरा सांगते. अशा हस्तलिखित प्रतींवरूनच जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे रोमी लिपीतील आवृत्ती सिद्ध केली. लंडनमधील मार्सडेन संग्रहात या पुराणाची देवनागरी हस्तलिखित प्रत असल्याचे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अभ्यासकांच्या ध्यानी आले. १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी ग्रंथ देवनागरीत छापला, आणि तेव्हा कोठे तो सामान्य मराठी वाचकाच्या हाती पडला. त्यानंतर कारिदाद द्रागो यांची १९९६ ची व फादर नेल्सन फलकांव यांची २००९ ची, अशा आणखी आवृत्त्याही निघाल्या.

म्हणजे शब्द वाचले. घरापासून दूर गेलेल्या माणसांनी ते वाचविले, ही गोष्ट आपणांस विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. परंतु ओवी म्हणजे नुसते शब्द नव्हेत. ग्रंथातील ओवीला अक्षरसंख्येचे कडक बंधन नसते. तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड. एक चरण लांबला तर गाणारा स्वर ताणतो, आखडला तर विसावतो. हे ताणणे आणि विसावणे कोठे, याची खूण पोथीत नसते. ती गाणाऱ्याच्या गळ्यात असते. अकरा हजार ओव्यांतील शब्द आज आपल्यापाशी आहेत. पण राचोलच्या त्या काळी त्या कशा गायिल्या गेल्या, हे मात्र कोणत्याही आवृत्तीत छापता आलेले नाही.

ऑर्गन आणि टाळ

दुसरा अध्याय महाराष्ट्राच्या पठारावरचा. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत आले, आणि १८३१ पासून अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हे त्यांचे मोठे केंद्र झाले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली तेथूनच सुरू झाले. या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या उपासनेत सर्व समुदायाने मिळून गाणे हा मुख्य भाग असतो. त्यामुळे गीते हवी होती, आणि तीही त्वरित. हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी इंग्रजी स्तोत्रांची मराठी रूपांतरे केली व ती मूळच्या पाश्चात्त्य चालींवर बसविली.

येथे एक अडचण आली. इंग्रजी पद्य आघातावर चालते. मराठी पद्य लघुगुरूंवर आणि मात्रांवर. अक्षरे मोजून मराठी शब्द इंग्रजी चालीत बसविले की कोठे दीर्घ अक्षर आखूड स्वराखाली चेंगरते, तर कोठे ऱ्हस्व अक्षर उगाच लांबते. कानाला मराठी ऐकू येते, पण ती मराठी माणसाच्या तोंडची वाटत नाही. चर्चमध्ये ऑर्गनच्या साथीने ही गीते भक्तिभावाने म्हटली गेली, पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाली, आणि आज तीही परंपरेचाच भाग आहेत. त्यांना परकी म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल. तरी खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसाच्या मनात जो टाळ वाजत होता, त्याला ऑर्गनमधून उत्तर मिळत नव्हते.

ते उत्तर दिले कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी अहमदनगर भागात ख्रिस्ती कीर्तन रूढ केले. पूर्वरंग, आख्यान, पदे, मधून साक्या आणि दिंड्या, हा सारा हरिदासी थाट. कथा मात्र बायबलमधील. ज्यांनी छापील पुस्तक कधी हाती धरले नव्हते, त्यांना बायबलमधील कथा अशा कीर्तनांतून कळू लागल्या.

आणि मग आले नारायण वामन टिळक (१८६१–१९१९). रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव हे त्यांचे जन्मस्थान. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून शाळेच्या पुस्तकांतून आपण त्यांना ओळखतो. पण मराठी ख्रिस्ती माणूस त्यांना ओळखतो तो रविवारच्या उपासनेतून. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. अभंग, भजन, आरती हे साचे त्यांनी निःसंकोच वापरले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांची ‘स्मृतिचित्रे’ ठाऊक नाहीत असे मराठी घर विरळा. पण टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे करण्याचे कार्यही त्याच बाईंनी केले. ज्या स्त्रीला अक्षरओळखच लग्नानंतर झाली, तिने पतीचे महाकाव्य शेवटास न्यावे, ही गोष्ट साधी नव्हे.

टिळकांची, सांगळ्यांची आणि रूपांतरकारांची गीते एकत्र नांदली ती ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हे पुस्तक बायबलच्या खालोखाल हाताळले जाते. लग्न असो, अंत्यविधी असो, नाताळ असो, पाळक गीताचा क्रमांक सांगतात आणि पाने उलटण्याचा आवाज होतो. टिळकांच्या एका गीताचे निकोल मॅकनिकल यांनी केलेले इंग्रजी रूपांतर परदेशी गीतपुस्तकांतही गेले. तेथे त्याला पाश्चात्त्य चाल लागली. शब्दांनी समुद्र ओलांडला. चाल अलीकडच्या तीरावरच थांबली.

‘चाल : अमुक’

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. जुन्या मराठी गीतपुस्तकांतून गीताच्या माथ्यावर राग आणि ताल यांचा निर्देश करण्याची, किंवा ‘चाल : अमुक’ म्हणून दुसऱ्या एखाद्या प्रसिद्ध पदाचा पहिला चरण देण्याची पद्धत होती. ही केवळ ख्रिस्ती पुस्तकांची रीत नव्हे. १८८० च्या ‘शाकुंतला’पासून संगीत नाटकांनी मराठी कानांवर राज्य केले, तेव्हा प्रत्येक पद कोणत्या ना कोणत्या ज्ञात चालीवर रचले जाई. लावणी, कानडी पद, साकी, जात्यावरची ओवी, जी चाल सर्वांस येत असे तिचे नाव लिहिले की काम भागे. स्वरलिपी लिहिण्याचा खर्च नाही, शिकविण्याचा खटाटोप नाही.

हे म्हणजे कुलूप एका घरी आणि किल्ली शेजारच्या घरी ठेवण्यासारखे होते. शेजार नांदता होता तोवर काहीच अडले नाही. पण ज्या पदाची चाल म्हणून नाव दिले, तेच पद लोकांच्या विस्मरणात गेले की वरची ती ओळ निरर्थक होते. गीत पुस्तकात राहते, क्रमांक राहतो, शब्द राहतात, आणि गीत मात्र कोणी सांगत नाही, कारण ते कोणाला म्हणताच येत नाही. गीत मरते ते पुस्तकातून गळाल्याने नव्हे. पुस्तकात असूनही ते मरते. त्याची चाल जाणणारी अखेरची आजी निवर्तते, आणि त्या रविवारी कोणाच्या लक्षातही येत नाही की आज नेमके काय गेले.

हाच अनुभव मराठी बोलणाऱ्या दुसऱ्या एका छोट्या समाजानेही घेतला आहे. कोकणातील बेने इस्राएल यहुदी समाजाने १८८० साली मुंबईत मराठी कीर्तनास आरंभ केला. मोशेच्या व योसेफाच्या कथा मराठी पदांतून गायिल्या. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. जाताना स्त्रियांनी गाण्यांच्या वह्या नेल्या. तेथे जन्मलेली नातवंडे हिब्रू बोलतात. आजीच्या वहीतील देवनागरी त्यांना वाचता येत नाही. तेथे शब्द आणि चाल या दोहोंवरच संकट आले.

आपली जयपूरची स्थिती याहून बरी आहे, पण त्या बरेपणातच एक फसवणूक दडलेली आहे. येथील आपली मुले शाळेत हिंदी शिकतात, म्हणून देवनागरी सहज वाचतात. राजस्थानी बोलीतही ‘ळ’ नांदतो, त्यामुळे जिभेलाही फारसे अडत नाही. मुलाने वही उघडून आरती किंवा गीत वाचून दाखविले की आपणांस वाटते, परंपरा टिकली. परंतु त्याने वाचले, म्हटले नाही. मराठी ख्रिस्ती कुटुंब अशा शहरात आले की रविवारची उपासना बहुधा हिंदीत वा इंग्रजीत होते, आणि मराठी गीत घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेपुरते उरते. चार गळ्यांवर जे तोलले जात होते ते एका गळ्यावर येते. एकाला एखादी जागा विसरली की ती सुधारून देणारे कोणी राहत नाही.

लॅटिनकडून मराठीकडे

वसईच्या कॅथलिक समाजाची कथा थोडी निराळी आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज सत्ता गेली, पण ख्रिस्ती समाज आणि त्याची उपासना राहिली. ही उपासना लॅटिन भाषेत चाले. गोव्यात सोळाव्या शतकापासून धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकविण्याची प्रथा होती. तेथून निघालेल्या गायनशिक्षकांना लोक ‘मेस्त’ म्हणत. त्यामुळे लॅटिन गायनाला कागदाचा आधार होता. वसईच्या घरांत मात्र मराठीच्या सामवेदी, वाडवळी अशा बोलींतील लग्नगीते, हळदीची गाणी आणि पाळणे गायिले जात. त्यांना कागदाचा आधार कधीच नव्हता.

मग दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीविषयीचा तिचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला आणि लोकभाषेला वेदीपर्यंत वाट मिळाली. वसईच्या चर्चमध्ये मराठी घुमू लागली. नवी गीते रचली गेली, तबला-पेटी आत आली, भजनाचा ठेका आला. हा मोठाच लाभ होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा धर्मगुरू २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होतो, यामागे मराठीशी जडलेल्या त्या नात्याचे बळ आहे. परंतु प्रत्येक सुधारणेच्या सावलीत काहीतरी झाकले जाते. लॅटिन स्तोत्रे जाणणारी वृद्ध मंडळी एकाएकी मौन झाली, आणि मराठी प्रमाणभाषेच्या नव्या गीतांपुढे बोलीतील जुनी गाणी गावंढळ वाटू लागली. जतनाचा शत्रू नेहमी परकाच असतो असे नाही. कित्येकदा तो आपलाच उत्साह असतो.

कागद, फीत आणि गळा

चाल राखावी कशी? यासाठी तीन साधने आहेत आणि तिन्ही अपुरी आहेत, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

पहिले साधन स्वरलिपी. भातखंडे व पलुसकर यांच्या पद्धतींनी बंदिशीचा सांगाडा उत्तम टिपला जातो. पाश्चात्त्य स्वरलेखनात अनेक आवाजांची जुळणी नेमकी दाखविता येते. पण दोहोंतही मींड, कण आणि ओवीचा सैलपणा निसटतो. सारे एका ओवीचे स्वर लिहून उपयोगी नाही. दुसऱ्या ओवीची अक्षरे वेगळी, म्हणून तिचा स्वरविस्तारही वेगळा.

दुसरे साधन ध्वनिमुद्रण. जयपूर घराण्याचे उदाहरण येथे बोलके आहे. या मुलखातील उणियाऱ्यात जन्मलेले आणि कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने स्थिरावलेले उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांचे गाणे ऐकावयास आज ध्वनिमुद्रिका नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचा आवाज मात्र १९७७ साली अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीत बसला. गुरूची गायकी आपणांस कळते ती शिष्यांच्या गळ्यांतून व तबकड्यांतून. म्हणजे तबकडी मौल्यवान खरी, पण तिच्या आधी शिष्य हवा.

तिसरे साधन तोच, शिष्याचा गळा. त्यात सर्व काही उतरते, पण तो मर्त्य आहे.

या तिन्हींची सांगड घालून काय साधते याचा मराठीतील उत्तम दाखला जात्यावरच्या ओव्यांचा आहे. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहिले काम शब्द उतरविण्याचे होते. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांचे ध्वनिमुद्रण झाले, कारण ओवी ऐकल्यावाचून कळत नाही. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या ओव्या, गाणाऱ्या स्त्रियांची नावे व गावे यांसह, सर्वांना खुल्या झाल्या आहेत. ओवी म्हणणाऱ्या बाईचे नाव तिच्या ओवीशेजारी आले, ही या कार्याची थोरवी आम्हांस सर्वांत अधिक वाटते. अशा संग्रहांना आश्रय देणारे एक केंद्र आपल्या शेजारीच आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे लोकसंगीत व अभिजात संगीत यांच्या ध्वनिमुद्रणांचे संग्रहालय १९८२ साली पुण्यात सुरू झाले. आज ते जयपूर-दिल्ली रस्त्यावरील गुरुग्राम येथे आहे. ‘संगीतसार’ जयपुराहून पुण्यास गेला. हा संग्रह पुण्याहून आपल्या वाटेवर आला.

आपल्या हाती काय

हे काम थोर संशोधकांचेच आहे असे मानून आपण हात जोडून बसावे, असे आम्हांस वाटत नाही. आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. उणीव आहे ती शिस्तीची. म्हणून काही गोष्टी येथे नोंदवितो. चर्चमधील गीतास त्या जितक्या लागू, तितक्याच मंगळागौरीच्या गाण्यास आणि गणपतीच्या आरतीस.

घरातील वडीलधाऱ्यांना गाण्यास बसवावे ते एकदाच नव्हे. प्रथम गीत सबंध म्हणवून घ्यावे. दोन कडवी घेऊन थांबू नये, कारण चालीतील खऱ्या गमती पुढच्या कडव्यांत उलगडतात. मग तेच गीत पुन्हा दुसऱ्या दिवशी घ्यावे. दोन्ही वेळा जे सारखे आले तो चालीचा कणा समजावा आणि जे बदलले ती गाणाऱ्याची सवड. आवाज थकलेला असो, सूर खाली असो, पेटीची साथ नसो, काही बिघडत नाही. स्टुडिओतील नटवलेल्या गायनापेक्षा स्वयंपाकघरातील साधे गायन पुढच्या अभ्यासकास अधिक सांगते.

गाण्याबरोबरच बोलणेही मुद्रित करावे. हे गीत कोणाकडून शिकलात, कोणत्या गावी, कोणत्या प्रसंगी म्हणत असत, कोण कोण बरोबर असे, टाळ कोठे पडे, सारा समुदाय कोठे साथ धरी, हे विचारावे. माथ्यावर दिलेले ‘चाल : अमुक’ हे मूळ पद ठाऊक असेल तर तेही म्हणवून घ्यावे, किल्ली सापडण्याची तीच जागा आहे. नाव, गाव, वय, दिनांक हे एका कागदावर शाईने लिहावे. मूळ मुद्रणात कोणतीही कापाकापी न करता त्याच्या तीन प्रती तीन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात, कारण यंत्रे पाच-दहा वर्षांत जुनी होतात. गाणाऱ्याची अनुमती विचारल्यावाचून कोणाचा आवाज चव्हाट्यावर मांडू नये, हेही सांगणे अगत्याचे आहे. प्रार्थना ही खासगी वस्तू आहे.

आणि सर्वांत शेवटची गोष्ट, जिच्यावाचून वरील सारे व्यर्थ. जे मुद्रित केले ते एका तरी मुलाने शिकावे. संग्रह म्हणजे कोठार; बियाणे कोठारात सुरक्षित राहते, पण पेरल्यावाचून पीक येत नाही. वर्षाकाठी एक गीत, एक ओवी, एक आरती, आजीच्या चालीवर, तिच्यासमोर बसून शिकणे एवढे जरी प्रत्येक घराने केले, तरी पुष्कळ झाले.

आमची मंडळास नम्र सूचना आहे की सुवर्णमहोत्सवी वर्षाचे स्मारक म्हणून अशी एक ध्वनिवही सिद्ध करावी. तीत जातपात वा धर्म न पाहता जयपुरातील प्रत्येक मराठी घराची एक तरी चाल असावी. कोणाची भूपाळी, कोणाचा पाळणा, कोणाची टिळकांची उपासनागीते. गीत मराठी आहे एवढीच अट असावी. स्टीफन्सचे पुराण राखणारे लोक पंडित नव्हते. मूळ गाव सोडून आलेली, हाताशी जे होते ते घट्ट धरून ठेवणारी ती साधी कुटुंबे होती. त्यांच्यापाशी केवळ टाक आणि कागद होता, म्हणून ती शब्द तेवढे राखू शकली. आपल्यापाशी चाल राखण्याचेही साधन आहे. पुढील पन्नास वर्षांनी शताब्दीच्या अंकात कोणी लिहावयास बसेल, तेव्हा त्याला शब्दांच्या शेजारी आवाजही सापडावा, इतकी तजवीज आपण निश्चित करू शकतो.